आतला माणूस चित्रात उतरला आणि घरच्यांना नको झाला. काय करू?

जास्वंद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्थिरचित्रं आणि संकल्पचित्रं करून घेण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून मात्र फक्त माणसं रंगवते. माझी पद्धत थोडी वेगळी आहे. समोरच्याला खुर्चीत बसवायचं आणि पहिला अर्धा तास हातात काहीच धरायचं नाही. गप्पा मारायच्या, नाहीतर गप्प बसायचं. मग पाठ फिरवून, त्या माणसाचं जे मनात राहिलं असेल ते आधी चारकोलने कॅनव्हासवर टाकायचं. नाक-डोळे जुळवायचे ते त्यानंतर. रंगही कातडीचाच घ्यायचा असं नाही, माणूस बघून जो सुचेल तो.

आता मुद्दा. आमच्या गिरगावातल्या गल्लीतल्या एक काकू पुढच्या महिन्यात सहस्रचंद्रदर्शनाला बसतायत. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. तो म्हणाला, आईचं चित्र काढ, हॉलमध्ये स्टेजशेजारी ठेवू. मी आनंदाने हो म्हटलं. काकूंच्याच खोलीत, गॅलरीच्या उजेडात तीन बैठका झाल्या. काकू म्हणजे अखंड बडबड आणि हसू. पण चित्रात जे आलं ते असं: मान गॅलरीकडे वळलेली, ओठ घट्ट मिटलेले, उजव्या हाताची मूठ मांडीवर आवळलेली, आणि मागे हिरवट राखाडी रंग. त्यांची चाळ पुनर्विकासात जातेय. काकू सगळ्यांना "लिफ्टवाला ब्लॉक मिळणार" असं हसून सांगतात. मला मात्र ती मूठ भीतीची वाटली.

मुलाने बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. म्हणाला, "आई अशी कुठे असते गं? लोकांना वाटेल आम्ही तिला छळतो." चित्र परत माझ्याकडे आलंय, कपाटाच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हसरं चित्र नव्याने काढून द्यावं का? आणि मला दिसलं ते खरंच काकूंच्या आतलं होतं, की माझंच मी त्यांच्या तोंडावर फासलं? दुसऱ्या प्रश्नाने झोप उडाली आहे.

टवाळ_पोर

पहिला नंबर! चहा घेऊन बसतो, धागा दोनशेचा दिसतोय.

जुना_जेजेकर

ताई, रागावू नका, पण दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

आम्हाला जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयात, एकेका डोक्याच्या अभ्यासाला आठवडा-आठवडा बसवायचे. आधी कवटी, मग जबड्याचं हाड, मग त्यावरचं मांस. भाव वगैरे शब्द वर्गात काढायची सोय नव्हती. तेव्हा चिडायचो. पुढे कळलं की भाव हाडामांसाच्या फरकातच असतो. डावी भुवई उजवीपेक्षा दोन रेघा वर असेल आणि तुम्ही ती प्रामाणिकपणे वर काढलीत, तर तो माणूस आपोआप येतो. ड्रॉइंग कच्चं असेल तर 'अंतःप्रेरणा' म्हणून जे येतं ती चित्रकाराची त्या दिवशीची मनःस्थिती असते. तुमचं ड्रॉइंग कच्चं आहे असं मी म्हणत नाही, मी चित्र पाहिलेलं नाही.

पण एक गोष्ट अनुभवाने सांगतो. बसलेल्या माणसाचा चेहरा पंधरा-वीस मिनिटांनी उतरतो. सगळ्यांचा. हसू टिकवणारे स्नायू थकतात, ओठांचे कोपरे खाली येतात, डोळे एका जागी लागतात. जगातली निम्मी 'खिन्न' व्यक्तिचित्रं ही दमलेल्या मॉडेलची चित्रं आहेत. म्हणून माझे सर दर वीस मिनिटांनी मॉडेलला उठवून चालायला लावायचे. तेव्हा मला सांगा, ते मिटलेले ओठ तुम्हाला कितव्या मिनिटाला दिसले?

मुक्ता_दादर

जेजेकर, अगदी मनातलं बोललात.

मागे एका कार्यशाळेत मी असं 'आत्मचित्र' काढून घेतलं होतं. पैसे देऊन. बाईंनी माझा हात हातात धरला, डोळे मिटले आणि जांभळ्या-निळ्या भोवऱ्यात एक चेहरा काढून दिला. म्हणाल्या, तुमच्या आत एक न बोललेलं दुःख आहे. मी रडले. खरंच रडले. मग जेवणाच्या सुट्टीत कळलं की आम्हा बाराही जणींच्या आत न बोललेलं दुःखच निघालं होतं, आणि बाराही जणी रडल्या होत्या.

जास्वंदताई, तुम्ही तशा नाही हे लिहिण्यावरून कळतंय. पण ज्याला आधीच आपण कुणीतरी आतलं बघावं असं वाटत असतं, त्याला काहीही दाखवलं तरी ते पटतं. काकूंच्या घरच्यांना पटलं नाही, हेच मला जरा विश्वासाचं वाटतं.

जास्वंद

@जुना_जेजेकर, रागावले नाही, उलट बरं वाटलं कुणी नेमकं विचारलं म्हणून. ओठ दमल्यामुळे मिटलेले नव्हते. पहिल्याच बैठकीत, बसून दहा मिनिटंही झाली नव्हती. काकू बोलत होत्या, बोलता बोलता जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली आणि त्या थांबल्या. तेवढ्यात ओठ मिटले आणि मान वळली. पावलं पुढे गेली, काकू पुन्हा हसायला लागल्या. असं तीनही दिवस झालं. मूठ मात्र तिन्ही दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच होती.

@मुक्ता_दादर, तेजोवलय वगैरे मी मानत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की डोळ्याला जे दिसतं ते बुद्धीला कळायच्या आधी हातात उतरतं.

लोकलकर

मी चित्रकार नाही, पण रोज अंबरनाथ ते सीएसएमटी लोकलमध्ये स्केचवही घेऊन असतो. नऊ वर्षांत पंचेचाळीस वह्या भरल्या. झोपलेला माणूस मिळाला की दिवस चांगला. जागेपणी प्रत्येकजण चेहरा सांभाळून असतो. कल्याण गेलं की माना टेकतात आणि चेहरे सुटतात. बँकेतला साहेब अगदी सात वर्षांचा दिसायला लागतो.

पण हात सुटत नाहीत. गाढ झोपेतही बॅगेचा पट्टा बोटांत पक्का असतो. म्हणून मला तुमच्या चित्रातल्या ओठांपेक्षा त्या मुठीबद्दल जास्त उत्सुकता आहे. चेहऱ्याने माणूस जे सांभाळतो ते हाताने सांगून बसतो.

वाचनवेडा

जास्वंदताईंच्या पद्धतीला मोठा आधार आहे. पिकासोने लेखिका गर्ट्रूड स्टाइनचं चित्र १९०५-०६ मध्ये केलं. तिने त्याच्यासमोर ऐंशी-नव्वद बैठका दिल्याचं सांगतात. शेवटी त्याने पूर्ण डोकंच पुसून टाकलं, उन्हाळ्यात स्पेनला गेला, आणि परत आल्यावर ती समोर नसताना आठवणीतून चेहरा रंगवला. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. म्हणजे पाठ फिरवून काढणं हा नुसता लहरीपणा नाही. पण जेजेकरांचाही मुद्दा त्यातच आहे: आधी ऐंशी बैठका बघणं झालं होतं.

आणि पहिल्या प्रश्नाला इशारा. १९५४ मध्ये चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ब्रिटिश संसदेने ग्रॅहम सदरलंडकडून त्याचं चित्र करून दिलं. त्यात चर्चिल थकलेला, खुर्चीत रुतून बसलेला होता. त्याला ते मुळीच आवडलं नाही आणि पुढे त्याच्या पत्नीने ते नष्ट करवलं. तेव्हा गिरगावच्या सहस्रचंद्रदर्शनाला ताईंचं चित्र नुसतं परत आलं, हे नशीबच म्हणायचं!

रोहिणी_ठाणे

आपल्याकडे रविवर्म्याची ती हातात दिवा धरलेली बाई बघा ना. तिच्या चेहऱ्यावरून आतली शांतता कशी कळते! भाव दाखवायला भीतीच कशाला पाहिजे?

जुना_जेजेकर

ती रविवर्म्याची नाही हो, आपल्या सा. ल. हळदणकरांची आहे. ती आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, आणि तिथे रविवर्म्याची चित्रंही आहेत, म्हणून ही गल्लत कायम होते. आणि ते तैलचित्र नाही, जलरंग आहे! बोटांच्या फटीतून येणारा दिव्याचा लालसर उजेड जलरंगात पकडणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी प्रयत्न केला त्यालाच कळेल. हळदणकर जेजेचेच. या माणसाचं नाव त्याच्या चित्राला मिळायलाच हवं.

खादाड_बोका

अवांतर: जेजे आणि चित्रं म्हटलं की जहांगीर आर्ट गॅलरी आठवते, आणि जहांगीर म्हटलं की सामोवार. रेल्वेच्या डब्यासारखं ते लांबट हॉटेल, बाहेरची हिरवळ आणि पराठे. २०१५ मध्ये बंद झालं तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

टवाळ_पोर

बोका, धागा अंतर्मनाचा आहे. तुझ्या अंतर्मनात पराठा निघाला, तोंडावर काय फासायचं ते जास्वंदताई बघतील, लोणी बहुतेक.

सोनचाफा

मला थोडं वेगळं लिहायचं आहे.

बाबा अचानक गेले. त्यांचा धड एकही फोटो नव्हता, सगळे लग्नातल्या गर्दीतले. भावाने लालबागमधल्या एका चित्रकार काकांना एक फोटो दिला, तैलचित्र करून द्या म्हणून. फोटोवरून चित्र करणारे ते. नाव नाही, प्रदर्शन नाही, आयुष्यभर नाटकाचे पडदे आणि अशी भिंतीवरची चित्रं. आम्हाला वाटलं, फोटो दिला की झालं. ते मात्र घरी आले. आईला विचारलं, "साहेब रागावले की कुठे बघायचे?" आई म्हणाली, खाली. "हसले की आधी डोळे हसायचे की तोंड?" आईला सांगता येईना, तर म्हणाले, "आठवा, मी थांबतो." आणि तासभर थांबले. मला विचारलं, पेपर वाचताना चष्मा कुठे असायचा.

चित्र आलं तेव्हा त्यात बाबांचा चष्मा कपाळावर होता. फोटोत नव्हता. आई त्या चित्रासमोर जेवणाचं ताट घेऊन बसायची, अजून बसते.

त्या काकांनी बाबांना कधीच पाहिलं नव्हतं. तर ही अंतःप्रेरणा म्हणायची की काय, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, एवढं नक्की.

डॉ_पारिजात

सोनचाफा, वाचून थांबले थोडा वेळ.

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. चेहरा वाचणं आमचंही काम, आणि तिथेच मी सर्वात जास्त चुकले आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा होतो, पापण्याही कमी लवतात. घरचे सांगतात, "आजोबांना कशाचंच काही वाटत नाही हल्ली." आजोबांना सगळं वाटत असतं, चेहऱ्याचे स्नायू ते दाखवत नाहीत. म्हणून चेहऱ्यावरून थेट मनात उडी मारू नये असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

पण चित्रकाराचा डोळा आमच्या पुढे असू शकतो, हेही खरं. ओस्कर कोकोश्काने १९१० मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑग्युस्त फोरेल यांचं चित्र केलं. फोरेलना ते पटलं नाही, त्यांनी घेतलं नाही. दोन वर्षांनी, १९१२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, आणि लोक म्हणायला लागले की चित्रात तो आधीच होता. मला त्यात दैवी काही वाटत नाही. हाताची ठेवण, डोळ्यांतला फरक असं काही बारीक त्याला दिसलं असेल. दिसलं ते त्याने काढलं, त्याचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.

आणि जास्वंदताई, एक साधी गोष्ट करून बघा. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटा. चित्रातला किंवा फोटोतला आपला चेहरा म्हणूनच परका वाटतो. काकूंना चित्र आरशात दाखवा.

टवाळ_पोर

डॉक्टर, माझा आधारकार्डावरचा फोटो पाठवू का? त्यात मला सगळेच आजार दिसतात.

जुना_जेजेकर

आरशाचं डॉक्टरांनी छान सांगितलं. आम्ही चूक शोधायला चित्र आरशात बघतो, ते बसणाऱ्यासाठी कधी सुचलं नव्हतं.

आणि ताई, जिन्यावरच्या पावलांचं वाचून माझा मुद्दा मी मागे घेतो. ते दमणं नव्हे.

सूनबाई_विरार

सगळं वाचलं. मी इथे एकटीच विरोधात दिसतेय, तरी लिहिते.

काकू हसून "लिफ्टवाला ब्लॉक" सांगतात ना? मग त्यांनी कष्टाने उभं केलेलं ते हसू आहे. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी घर सोडताना अशाच होत्या. दिवसभर सगळ्यांना पेढे वाटले आणि रात्री रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मी बघितलं आणि मागे फिरले. उद्या कुणी त्या क्षणाचं चित्र काढून हॉलमध्ये तीनशे माणसांपुढे ठेवलं असतं तर मी ते उचलून घरी आणलं असतं. तुमच्यासमोर त्यांची मूठ आवळली गेली, म्हणजे ती सगळ्यांना दाखवायची परवानगी त्यांनी दिली असं होत नाही. चित्र कितीही खरं असो.

आणि मला सांगा, इतके प्रतिसाद झाले, मुलगा काय म्हणाला ते कळलं, चर्चिल काय म्हणाला ते कळलं. काकू काय म्हणाल्या?

मुक्ता_दादर

+१००. हे कुणीच विचारलं नव्हतं.

जास्वंद

सूनबाई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

खरं सांगते, काकूंना मी विचारलंच नाही. चित्र द्यायला गेले तेव्हा मुलाने ते दारातच बघितलं. काकू आत पलंगावर होत्या, चष्मा नव्हता, लांबून "छान आहे हो" म्हणाल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघून गप्प झाल्या. मी चित्र घेऊन निघून आले. आतला माणूस बघते म्हणणारी मी, आणि त्या माणसाशीच बोलले नाही.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे जाते. मुलगा कामावर असतो त्या वेळी.

वाचनवेडा

इथे येऊन नक्की सांगा.

खादाड_बोका

आणि जाताना काहीतरी खायला न्या. हे अवांतर नाही.

जास्वंद

पाच दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

दुपारी गेले. बोकांचं ऐकून काकूंना आवडतात ते कोथिंबीर वडीचे उंडे उकडून नेले, त्यांनी लगेच कापून तळायला घेतले. मग चष्मा लावून चित्रासमोर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई छान आहे, पण मी नाही ही." त्यांच्या गोदरेजच्या कपाटाला मोठा आरसा आहे. मी चित्र त्यात दाखवलं. काकू पुढे आल्या, हात चष्म्याच्या काडीवर गेला. "अगोबाई," म्हणाल्या. "ही मी. संध्याकाळी सगळे यायच्या आधीची."

मी धीर करून विचारलं, काकू, घर सोडायची भीती वाटते का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच कानकोंडं झालं. "भीती कसली? छप्पर गळतं इथलं. पंचावन्न पावसाळे बादल्या लावल्या." मग मुठीकडे बोट करून म्हणाल्या, "ही मात्र बरोबर. पण तू अर्धीच काढलीस. हिच्यात किल्ली होती."

मंडळी, किल्ली! खोलीची. सून नोकरीला, नातू कॉलेजला, सगळे वेगवेगळ्या वेळी येतात. किल्ली एकच राहिली आहे, बाकीच्या हरवल्या, आणि आता चाळच जाणार तर नवी कोण करून घेतंय. त्यामुळे दिवसभर ती काकूंच्या मुठीत. जिन्यावर पावलं वाजली की त्या बघतात, आपल्यातलं कुणी आलं का, दार उघडायचं का. लग्न होऊन आल्यावर सासूने पहिल्यांदा त्यांच्या हातात काही दिलं असेल तर ती ही किल्ली. पुढच्या महिन्यात कार्यक्रम झाला की आठ दिवसांत ती बिल्डरच्या माणसाला द्यायची आहे. हे सांगताना त्या हसत होत्या आणि किल्ली बोटांत फिरवत होत्या. तीन दिवस मी समोर बसले, मूठ रंगवली, आणि आत काय आहे ते विचारलं नाही.

"किल्ली दिसू दे त्यात," म्हणाल्या. "मग ठेवा हॉलमध्ये, मी सांगते त्याला." आणि ओठ? ओठ तसेच राहू दे म्हणाल्या. मागचा हिरवट रंग मात्र त्यांना मुळीच आवडला नाही. "शेवाळं आल्यासारखं दिसतंय. ती भिंत पिवळी आहे, बघ की." भिंत खरंच पिवळी आहे. तो रंग माझा होता, हे मला आता कळलं.

सोनचाफा

ताई…

सूनबाई_विरार

काकूंना माझा नमस्कार सांगा. माझा विरोध संपला, त्यांनी स्वतः सांगितलंय म्हणून. आणि किल्ली देण्याच्या दिवशी जमलं तर त्यांच्याबरोबर थांबा.

लोकलकर

आज लोकलमध्ये सगळ्यांच्या मुठी बघत आलो.

जुना_जेजेकर

ताई, आता कामाचं बोलू. मूठ उघडू नका, आहे तशी राहू दे. किल्लीचं टोक तेवढं बाहेर काढा. पितळेची असेल तर यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, सावलीला किंचित निळा. चकाकी एकच द्या, दोन दिल्यात तर नजर चेहऱ्यावरून पळेल. मागची भिंत पिवळी करणार असाल तर आधी ती करा, किल्ली शेवटी. नाहीतर तिचा रंग भिंतीत हरवेल. खालचा थर पूर्ण वाळलाय का बघा, पावसाळी हवेत तेलरंगाला वेळ लागतो.

टोक कुठल्या बाजूने काढणार, करंगळीच्या की अंगठ्याच्या?

जास्वंद

अंगठ्याच्या. काकूंनी पुन्हा तशीच धरून दाखवली. आणि पितळेची नाही, लोखंडी आहे, धरायच्या जागी घासून अगदी पांढरी झालेली. भिंत आज सकाळी झाली, पिवळी, गळतीच्या डागासकट. वाळली की किल्लीला हात घालते.